मालवणातल्या भावासाठी आधारगट सुचवा

सुरंगी:
गणपती विसर्जनाच्या रात्री धाकट्या भावाने मला सांगितलं की तो गे आहे. वय २४. घरात फक्त मला माहीत आहे. आईचं 'आता चेडू बघूक होया', म्हणजे त्याच्या लग्नासाठी मुलगी बघायचं, सुरू झालंय आणि तो जेवणावरून उठून जातो. आपल्यासारखं वाडीत दुसरं कुणीच नाही असं त्याच्या मनाने घेतलंय. मुंबईत अशा मुलांचे गट असतात म्हणे. त्यांचा खरंच उपयोग होतो का?

माडाखाली:
ताई, आधी चांगल्या डॉक्टरना दाखवा. वेळेत उपचार केले तर बदल होतो.

खाडीकाठ:
कृपा करून असं करू नका. हा आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्येच तो यादीतून काढलाय. असे 'बदलायचे' उपचार करणं हे डॉक्टरांचं गैरवर्तन असल्याचं राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये सांगितलंय. मी हे भोगलंय. एकोणिसाव्या वर्षी मला गोळ्या सुरू केल्या, त्यांनी फक्त झोप यायची.

मी गुहागरकडची, लेस्बियन, आता मुंबईत नोकरी करते. हमसफर ट्रस्ट ही संस्था आपल्यासारख्यांसाठी १९९४ पासून मुंबईत काम करते. तरुणांसाठी त्यांचा 'यारियां' हा गट आहे, मुलींसाठी 'उमंग'. पहिल्या बैठकीला मी तोंडच उघडलं नाही आणि मला कुणी काही विचारलंही नाही. मग सोलापूरकडची एक मुलगी बोलायला लागली. घरच्यांना काय वाटेल, लग्नाला किती दिवस नाही म्हणायचं, सगळं माझंच! घरी पोचेपर्यंत मी रडत होते, पण हलकं वाटत होतं. लग्नाचा विषय कसा लांबवायचा, आधी स्वतःच्या पायावर उभं राहून मग घरी कसं सांगायचं, हे मला तिथल्या मोठ्या मुलींनी शिकवलं. समुपदेशक चांगली होती, पण हे त्या मुलींनीच शिकवलं.

ताई, आईला तुम्ही सांगू नका. कधी सांगायचं ते त्याचं त्याला ठरवू दे. पुढे आईबाबा तयार झाले तर पालकांचा 'स्वीकार' गट आहे. मुलांच्या आया तिथे एकमेकींशी बोलतात.

हापूसवाला:
जेवण तुटलंय म्हणताय, तर गटाकडे जाण्याआधी १४४१६ लावा. टेलिमानस, मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, मोफत, रात्रीही चालू, मराठीत बोलतात. जिवाचं बरंवाईट करायचं बोलला तर एकटा सोडू नका.

सुरंगी:
खाडीकाठ, तुमचा प्रतिसाद त्याला वाचून दाखवला. तो दोनदा वाच म्हणाला. मग विचारलं, "तिथे बोलावंच लागतं का?" संध्याकाळी तुतारी एक्सप्रेसने निघून सकाळी दादर गाठतो, मीही सोबत जाते. आईला मावशीकडे जातोय म्हणून सांगू.

खाडीकाठ:
बोलायलाच हवं असं नाही. निघण्याआधी मात्र फोन करून बैठकीचा वार विचारून घ्या, उगाच खेप व्हायला नको.