मदत हवी आहे : पट्टीवर पाणी तेवढंच, मग प्रवाह कमी कसा?

तेरणेला मिळणारा ओढा, जिल्हा धाराशिव. पाण्याची उंची मोजायच्या पट्टीजवळ रुंदी ४ मीटर, सरासरी खोली २५ सेंमी. सप्टेंबरात पट्टी ३० सेंमी दाखवत असताना पाण्यावर सोडलेलं संत्रं १० मीटर वाहत जायला ७७ सेकंद लागले, पृष्ठभागाचा वेग सरासरीपेक्षा जास्त असतो म्हणून ०.८५ ने गुणून प्रवाह सेकंदाला ११० लिटर. नोव्हेंबरात तेच ३० सेंमी, पण २१० सेकंद, म्हणजे जेमतेम ४० लिटर. दुपारी मीटरवर विरघळलेला प्राणवायू लिटरला ९.८ मिग्रॅ येतो, तरी पाण्याला वास आहे. पट्टी सरकली की प्राणवायूचा मीटर बिघडला?

उत्तर १
खाली के.टी. (कोल्हापूर पद्धतीचा) बंधारा आहे का? पावसाळा संपताना त्याला दरवाजे बसवतात आणि फुगवटा, म्हणजे अडलेलं पाणी, ओढ्यात वर सरकतो. पट्टी फक्त उंची सांगते. खाली पाणी अडलं की उंची आणि प्रवाहाचं जुनं नातं तुटतं. ओढ्यात बेशरमीच्या झुडपांचं बेट वाढलं तरी हेच होतं. खात्रीसाठी ५० मीटर वर दुसरी पट्टी लावा, गवंड्याच्या लेव्हलच्या नळीने दोन्हींचे शून्य एका पातळीत आणा. आकडे सारखे आले तर फुगवटाच.

मोजणी फुगवट्याच्या वर न्या. तिथे ९० अंशांची त्रिकोणी खाच असलेला पत्रा बसवा: १० सेंमीला ४.४, २० ला २४.७, ३० ला ६८ लिटर प्रति सेकंद. उंची खाचेपाशी मोजू नका, तिथे पाणी खचलेलं असतं. दीड मीटर वर मोजा. धार पत्र्यापासून सुटून पडायला हवी. खरी अडचण काळ्या मातीची: ती भेगाळते आणि पाणी बाजूने निसटतं. दोन्ही काठांत चर खणून जाड पॉलिथिन गाडा. पावसाळ्याआधी पत्रा काढा, नाहीतर पूर काठ फोडेल.

उत्तर २
मीटर बहुधा बरोबर आहे. २५ अंशांच्या पाण्यात समुद्रसपाटीला ८.२ च्या आसपास प्राणवायू मावतो, तुमच्या उंचीवर आणखी कमी. ९.८ म्हणजे साचलेल्या पाण्यातलं शेवाळ दुपारच्या उन्हात प्राणवायू सोडतंय. रात्री तेच शेवाळ तो ओढून घेतं, म्हणून सूर्योदयाआधी मोजा. मासे मरतात ते त्याच वेळी. पडताळणीला ३०० मिलीची बाटली बुडबुडा न राहता भरा, मँगनस सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड-अझाइड प्रत्येकी १ मिली, पिपेटचं टोक पाण्याखाली ठेवून. तळाशी बसणारा साका तपकिरी आला तर प्राणवायू आहे, पांढराच राहिला तर नाही.

धागाकर्ता
बंधारा ४०० मीटर खाली आहे, दरवाजे ऑक्टोबरात बसवलेत. उद्या पहाटे साडेपाचला मोजतो, दुसरी पट्टीही लावतो.