ओरखडा बुजला नाही म्हणजे मेटास्टॅसिस थांबला?

पेट्रीडिश: एमडीए-एमबी-२३१ (स्तनाचा कर्करोग) पेशींवर स्क्रॅच अ‍ॅसे लावलाय (पेशींच्या थरात रेघ ओढून ती किती बुजते ते बघायचं), सीरम (पेशींना वाढवणारा रक्तद्रव) १० टक्के. कंट्रोलमध्ये ४८ तासांत ओरखडा पूर्ण बुजतो, औषध दिलेल्या वेलमध्ये (प्लेटच्या खळग्यात) निम्माच. ‘औषध मेटास्टॅसिस (कर्करोग इतर अवयवांत पसरणं) रोखतं’ असं लिहू का?

काचपट्टी: नको. ४८ तासांत या पेशी दुपटीने वाढतात, त्यामुळे जागा सरकून भरली की वाढून, हे फोटोवरून कळणारच नाही. औषधाने पेशी मेल्या तरी चित्र हेच दिसतं! आधी एमटीटी (किती पेशी जिवंत आहेत ते दाखवणारी चाचणी) करून न मारणारा डोस ठरवा. थर भरला की मायटोमायसिन-सी (पेशींचं विभाजन थांबवतं), १० मायक्रोग्रॅम प्रति मिलि, २ तास, मग पीबीएसने (क्षारद्रावणाने) दोनदा धुवा. २०० मायक्रोलिटरच्या टिपने एका दमात रेघ ओढा आणि सुटलेल्या पेशी धुऊन टाका, नाहीतर त्या ओरखड्यातच परत चिकटतात. सीरम १ टक्क्यावर आणा. प्लेटच्या बुडाला मार्करची खूण करून त्याच जागेचे फोटो ०, ६, १२, १८ तासांना. रुंदी नाही, क्षेत्रफळ मोजा. कड कधीच सरळ नसते.

ट्रान्सवेलवाला: शिवाय हे सगळं सपाट प्लास्टिकवर. गाठीतून सुटणाऱ्या पेशीला बेसमेंट मेम्ब्रेन (पेशींच्या थराखालचा पातळ पडदा) भेदून कोलॅजनच्या जाळीतून वाट काढायची असते. ८ मायक्रॉन छिद्रांचं इन्सर्ट (वेलमध्ये बसणारी, सच्छिद्र तळाची वाटी) घ्या. वर मॅट्रिजेलचा (बेसमेंट मेम्ब्रेनसारख्या जेलचा) पातळ थर आणि सीरमविना पेशी, खाली १० टक्के सीरम, साधारण २२ तास. मॅट्रिजेल बर्फावरच हाताळा, टिपाही गार हव्यात. हातात कोमट झालं की गुठळ्या होतात. इन्सर्टखाली बुडबुडा राहिला तर तेवढा भाग रिकामा दिसतो. क्रिस्टल व्हायोलेटने पेशी रंगवण्याआधी वरची बाजू कापसाने पुसा. मॅट्रिजेल नसलेलं इन्सर्ट तुलनेसाठी सोबत हवंच.

पेट्रीडिश: सोबत ई-कॅडहेरिनचा (पेशींना एकमेकींशी जोडणाऱ्या प्रथिनाचा) वेस्टर्न (प्रथिन किती आहे ते दाखवणारी चाचणी) टाकू?

काचपट्टी: या पेशींत ते मुळातच जवळपास नसतं. कमी झालेलं दाखवणार कुठून? एमसीएफ-७ (स्तनाच्या कर्करोगाच्याच दुसऱ्या पेशी) मध्ये बघा, पण जपून: स्तनाच्या अनेक गाठींत पेशी ई-कॅडहेरिन टिकवून, घोळक्याने पुढे सरकतात.

ट्रान्सवेलवाला: एमएमपी (जाळी कापणारी विकरं) अडवलं म्हणजे झालं, असंही समजू नका. जाळी कापता आली नाही तर काही पेशी रो-रॉकच्या (पेशीला आकुंचन पावायला लावणाऱ्या प्रथिनांच्या) जोरावर गोल होऊन फटीतून घुसतात. अडतं ते बहुधा केंद्रक. सध्या ‘स्थलांतर आणि आक्रमण, प्रयोगशाळेत’ एवढंच लिहा. मेटास्टॅसिस म्हणायचं तर उंदीर लागेल. त्यातही शेपटीच्या शिरेत पेशी टोचल्या, तर मूळ गाठीतून सुटण्याचा टप्पाच वगळला जातो. गाठ स्तनाच्या चरबीत वाढवा आणि मग फुप्फुसं तपासा.