हायडेलबर्ग : किल्ल्यापलीकडे

कुणीतरी लिहिलंय की जर्मनीतल्या हायडेलबर्गला किल्ला पाहिला की दोन तासांत गाव उरकतं. किल्ला छानच आहे, तळघरातलं दोन लाख लिटरहून मोठं वाईनचं पिंपही बघा. पण विद्यापीठाचं गाव म्हणून जात असाल तर विद्यार्थ्यांचा तुरुंग अजिबात चुकवू नका!

विद्यापीठ 1386 सालचं. पोरांना शिक्षा करायचा अधिकार विद्यापीठाकडेच होता, म्हणून जुन्या इमारतीच्या मागे ही स्वतंत्र कोठडी. 1778 ते 1914 पर्यंत वापरात होती. गुन्हे काय, तर रात्री दारू पिऊन धिंगाणा, तलवारबाजी, पोलिसांशी हुज्जत. गंमत म्हणजे कैदेत असतानाही तासांना जायची मुभा! पुढे पुढे आत जाऊन आलो हे मिरवायचंच झालं. जिन्यापासून छतापर्यंत एक वीत भिंत कोरी नाही : काजळीने काढलेल्या टोपीवाल्या काळ्या आकृत्या, नावं, तारखा. आपल्याकडे गडावर नावं कोरणाऱ्यांना शिव्या घालतो, इथे तिकीट काढून तेच बघतो, असो.

मग जुना पूल ओलांडून ‘सापाची वाट’ नावाच्या नागमोडी वाटेने फिलॉसॉफेनवेगवर, म्हणजे डोंगराच्या उतारावरच्या ‘तत्त्वज्ञांच्या वाटेवर’ चढा. दगडी पायऱ्या, चांगलाच दम निघतो. समोर नेकार नदी, पूल आणि किल्ला एका नजरेत.

आणखी एक, खंडोबा आणि धनगरांवर आयुष्यभर काम केलेले गुंथर सोन्थायमर इथल्याच दक्षिण आशिया संस्थेत शिकवायचे.