अ‍ॅस्टरिक्सचे चित्रपट : पैसा आणि पटकथा

कॉमिकवरचे चित्रपट नुसत्या पैशाच्या जोरावर उभे राहतात, असं काहींचं मत आहे, पण ते अ‍ॅस्टरिक्स या फ्रेंच कॉमिकच्या बाबतीत मला पटत नाही. २००२ चा 'मिशन क्लिओपात्रा' बघाच. मोरोक्कोत उभारलेले सेट भव्य आहेत, पण खरा जीव आहे लेखक-दिग्दर्शक आलां शाबाच्या लेखनात. तीन महिन्यांत राजवाडा बांधून दाखवायची पैज हा मूळ पुस्तकाचा सांगाडा त्याने तसाच ठेवला आणि विनोद स्वतःचे भरले. जमेल दबूझने केलेला तो गडबडलेला वास्तुविशारद तर जेरार देपार्द्यूने केलेल्या ओबेलिक्सलाही (अ‍ॅस्टरिक्सचा जाडजूड मित्र) भारी पडतो! एकट्या फ्रान्समध्ये १ कोटी ४० लाखांहून जास्त तिकिटं खपली. उलट २००८ चा ऑलिंपिकवाला भाग याहून महागडा. रेसर शूमाकर, फुटबॉलपटू झिदान सगळे आणले, पण पटकथा ढिसाळच राहिली.