हलणारी कप्पी आली की गणित चुकतंच, कुठे गंडतंय?

अकरावीचा_बळी:
दहावीपर्यंत मराठी मीडियम, आता अकरावी सायन्स, न्यूटनचे नियम चाललेत. एक कप्पी आणि दोन वजनं असली की येतं मला, पण हे एक गणित दोन दिवस झाले सुटत नाहीये. टेबलावर २ किलोचा ब्लॉक, घर्षण नाही, त्याची दोरी टेबलाच्या कडेच्या कप्पीवरून खाली येते, तिथे एका लोंबत्या कप्पीला खालून वळसा घालून सरळ वर जाते आणि छताच्या हुकाला बांधलीय. लोंबत्या कप्पीला ४ किलोचं वजन. दोरी, कप्प्या बिनवजनाच्या, जी (गुरुत्वीय त्वरण) १० घ्यायचा.
मी असं केलं (ट म्हणजे दोरीतला ताण, अ म्हणजे त्वरण): ब्लॉकसाठी ट = २अ, वजनासाठी ४० − २ट = ४अ, म्हणून अ = ५. मागे उत्तरात ६.६७ आणि ३.३३ अशी दोन त्वरणं दिलीयत!! दोरी एकच, ती ताणली पण जात नाही, मग दोन कशी?

घाईतला_भाऊ:
एवढं काय त्यात, ४० न्यूटन वजन दोन दोऱ्यांनी धरलंय, म्हणजे ट = २०. पुढे सोपं.

रिटायर्ड_मास्तर:
भाऊ, ट २० तेव्हाच जेव्हा वजन जागच्या जागी थांबलंय किंवा एकाच वेगाने चाललंय. इथे ते वेग वाढवत खाली चाललंय, म्हणजे वर ओढणारा जोर ४० पेक्षा कमीच असणार.
बाळा, तुझे एफबीडी (प्रत्येक वस्तूवरच्या बलांच्या आकृत्या) बरोबर आहेत, २ट पण बरोबर घेतलास, इथेच निम्मी पोरं पडतात. चूक एकच, दोन्हीकडे तोच अ लिहिलास. दोरी एकच असली की ताण सगळीकडे सारखा (कप्पी बिनवजनाची म्हणून), त्वरण सारखं असेलच असं नाही. आता दोरी मोज. वजन १ सेंटिमीटर खाली गेलं तर लोंबत्या कप्पीच्या डावीकडे १ सेंटिमीटर दोरी जास्त लागते आणि उजवीकडे पण १, झाली २, ती येणार कुठून? हुक तर देत नाही, म्हणजे सगळी ब्लॉककडूनच. तो २ सेंटिमीटर सरकतो, तेही तेवढ्याच वेळात, म्हणून वेग दुप्पट आणि त्वरणही दुप्पट. ब्लॉकचं त्वरण अ आणि वजनाचं ब धर, म्हणजे अ = २ब. आता परत सोडव.

वर्कशॉपवाला:
मला गणित येत नाही पण हे रोज बघतो. चेनब्लॉकने मोटर उचलायची तर साखळी हात दुखेपर्यंत ओढायची तेव्हा ती बोटभर वर येते. जोर वाचतो तो असा, फुकट नाही. विहिरीवरची कप्पी आढ्याला पक्की असते म्हणून तिथे हातभर दोर ओढला की बादली हातभरच वर, जोर काही वाचत नाही, फक्त ओढायची दिशा सोयीची होते.

अकरावीचा_बळी:
आलं!! ट = २अ = ४ब, मग ४० − ८ब = ४ब, ब = ३.३३, अ = ६.६७, टेन्शन १३.३३. माझं पण टेन्शन गेलं 😄 पण परीक्षेत तीन तीन कप्प्या असल्या की दरवेळी दोरी मोजत बसायचं का?

हॉस्टेल_रूम_१२:
शॉर्टकट आहे. बिनवजनाच्या न ताणणाऱ्या दोरीचं सगळ्या वस्तूंवरचं मिळून काम शून्य. म्हणून प्रत्येक वस्तूवरचा ताण गुणिले तिचं त्वरण, चिन्हासकट, सगळ्यांची बेरीज शून्य (दोऱ्यांची दिशा बदलत नसेल तरच). इथे ब्लॉकवर ट ज्या दिशेने तो जातो त्याच दिशेला, वजनावर २ट उलटा, म्हणून टअ − २टब = ०, परत अ = २ब. चिन्ह चुकलं की मात्र सगळंच गेलं, म्हणून पहिले पंधरावीस गणितं मास्तरांच्या पद्धतीने कर.
आता टेबलाला घर्षणांक (जास्तीत जास्त घर्षण ब्लॉकच्या वजनाच्या किती पट ते) ०.३ दे आणि सोडव बघू. आधी हलतंय का ते तपास, तिथे २० न्यूटनवाले भाऊ कामाला येतात.

अकरावीचा_बळी:
थांबलेलं धरलं तर ट २०, घर्षण जास्तीत जास्त ०.३ × २० (ब्लॉकचं वजन) = ६, म्हणजे हलणारच. मग ट − ६ = ४ब, ४० − २ट = ४ब, ब = २.३३, अ = ४.६७, ट = १५.३३. बरोबर ना?

रिटायर्ड_मास्तर:
बरोबर. आता लोंबत्या कप्पीलाच १ किलो वजन आहे असं धरून कर, काय बदलतं ते उद्या सांग.

घाईतला_भाऊ:
४० चे ५० होतात, एवढंच. आणि यावेळी मी बरोबर आहे.

रिटायर्ड_मास्तर:
४० − २ट = ४ब मधला उजवीकडचा ४ब तसाच ठेवलास का रे?