मदत हवी आहे: मँचेस्टरच्या गिरणी कामगार बायकांचा घरातला दिवस

एकोणिसाव्या शतकातल्या मँचेस्टरच्या गिरणी कामगारांवर वाचतेय. कायदे लगेच सापडतात: १८४७ मध्ये बायका आणि अल्पवयीन मुलांसाठी दहा तासांचा दिवस ठरला, १८५० च्या कायद्याने शनिवारी दुपारी दोनला त्यांची सुट्टी. पहाटे लांब काठीने खिडकी वाजवून कामगारांना उठवणारी माणसं असत, हेही कळलं. (पैसे घेऊन!)

पण दाराआडचं फारसं हाती लागत नाही, आणि मला तेच हवंय. आई गिरणीत असताना तान्हं मूल कोण सांभाळायचं? सामायिक नळावरून पाणी कोण आणायचं? धुणं कधी व्हायचं? जनगणनेचे कागद, कामगारांच्या आठवणी की कारखाना चौकशीतल्या जबान्या, सुरुवात कुठून करू? यावर कोणी काम केलं असेल तर कृपया सांगा.