शिकागोची आयआयटी म्हणजे पवईवालीच का?

देवगडकर: भाचीने शिकागोत एमएससाठी अप्लाय केलंय, एक यूआयसी (युनिव्हर्सिटी ऑफ इलिनॉय, शिकागो) आणि एक आयआयटी. वाडीत आत्ताच बोंब झालीय की पोरगी आयआयटीत लागली. नक्की काय प्रकार आहे हा?

मिऱ्याबंदर: पवईशी काही संबंध नाही हो. ती इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, 1940 साली दोन कॉलेजं एकत्र करून झालेली, प्रायव्हेट, म्हणजे फी बघूनच काय ते ठरवा. कॅम्पस भारी आहे पण, एका बिल्डिंगच्या डोक्यावरून चक्क लोकल धावते आणि आवाज नको म्हणून रुळांभोवती स्टीलची मोठी नळी घातलीय.

आंबेवाला_राजापूर: यूआयसी सरकारी असली तरी आपल्या पोरांना बाहेरच्यांचीच फी लागते हां, बागेवर कर्ज काढायच्या आधी नीट बघा.

देवगडकर: आणि युनिव्हर्सिटी ऑफ शिकागो?

मिऱ्याबंदर: ती तिसरीच, हाइड पार्कात. नोबेलवाले चंद्रशेखर तिथेच शिकवायचे. 1942 ला फर्मी या शास्त्रज्ञाने जगातली पहिली अणुभट्टी तिथल्याच स्टेडियमच्या स्टँडखाली चालवली, भर शहरात!

आंबेवाला_राजापूर: आणि आमच्याकडे जैतापूरचं नुसतं नाव काढलं तरी मोर्चा निघतो 😄